ऊन असतानाच मुक्काम गाठा: बेळगाव सीमाभागात व्हॅन घेऊन एकट्याने फिरणाऱ्या नवख्यांसाठी

मार्च महिना होता. खानापूर तालुक्यातल्या एका गावाबाहेर, शाळेच्या कुंपणाला लागून मी माझी ईको उभी केली, पडदे ओढले, दिवा मालवला आणि आडवी झाले. गाडीत झोपायची ती माझी चौथी की पाचवी रात्र. कुणाला त्रास नको आणि कुणाच्या नजरेतही यायला नको, एवढाच विचार होता. साडेआठच्या सुमारास काचेवर बॅटरीचा झोत पडला. पाठोपाठ दुसरा. बाहेर दहा-बारा माणसं होती, दोघांच्या हातात काठ्या. "कोण हाय आत? भायर या आधी!" मी काच दोन बोटं खाली केली, पण तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात गर्दीतून एक आज्जी पुढं आल्या. त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली, मग खाली केली आणि मागं वळून म्हणाल्या, "बाईमाणूस हाय रे." मग मला म्हणाल्या, "काय गे बाई, दिस असताना येऊन सांगायचं न्हाई व्हय? पोरं पळवणारी गाडी आली म्हणून अख्खं गाव गोळा झालंय." ती रात्र मी त्यांच्या अंगणात गाडी लावून काढली.

माझं नशीब की आज्जी तिथं होत्या. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा आणि आपल्या कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात मुरकीजवळ एका तरुण अभियंत्याचा जीव अशाच अफवेतून गेला. परदेशी व्हिडिओंमध्ये एकट्या प्रवाशाला सांगतात की गुपचूप राहा, गाडीत कुणी झोपलंय हे बाहेर कळू देऊ नका. तिकडच्या शहरांत ते बरोबर असेल. आपल्याकडे, खानापूर-चंदगडपासून चिकोडी-अथणीपर्यंत, पडदे ओढलेली अनोळखी गाडी अंधारात उभी असली की गावाची झोप उडते आणि मग तुमचीही उडते. इथं लपून राहण्यातच धोका आहे. दिवस मावळायच्या आत गावात पोचणं आणि आपण कोण, कुठले, हे चार लोकांना माहीत असणं, याइतकं मजबूत कुलूप कुठल्या दुकानात मिळत नाही. आता क्रमाने सांगते.

आधी स्वतःच्या अंगणात झोपा

पहिली रात्र घरासमोरच काढा. हसू नका, खरंच काढा. कुठली खिडकी उघडी ठेवली की डास येतात, पाणी पिण्याची बाटली रात्री हाताला लागते का, दार आतून लॉक होतं का आणि घाबरलेल्या अवस्थेत ते उघडता येतं का, हे सगळं त्या एका रात्रीत कळतं. त्याच रात्री आत दिवा लावून बाहेर उभ्या राहा आणि पडद्यातून काय काय दिसतं ते बघा. माझ्या पहिल्या पडद्यातून मी चक्क सिनेमाच्या पडद्यासारखी दिसत होते.

दुसरी रात्र पाव्हण्यांच्या गावी, त्यांच्या दारात. तिसरी महामार्गावरच्या चोवीस तास चालणाऱ्या पेट्रोल पंपावर. त्यानंतर एखाद्या गावात, देवळाच्या आवारात. जंगलाच्या कडेचा मुक्काम सगळ्यात शेवटी, आणि तोही एखाद्या होम-स्टेच्या कुंपणाच्या आत. हा क्रम मोडून पहिल्याच फेरीला चोर्ल्याला जायची घाई करणारे बरेच भेटतात. घाट कुठं पळून जात नाही.

गाडीत काय बघायचं

सगळ्यात आधी गॅस. चोरापेक्षा, जनावरापेक्षा मी याला जास्त घाबरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. तो खाली, गादीखाली, जिथं आपण बॅटरी आणि वायरी ठेवलेल्या असतात तिथंच साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारं भोक हवं. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर व्हॅनमध्ये नेऊच नका. ५ किलोचा घ्या, तो पट्ट्याने घट्ट बांधा, आणि नळी जोडल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते प्रत्येक फेरीला तपासा. मी तर आत स्वयंपाक करतच नाही. मागचं दार वर उचलते, त्याच्या आडोशाला शेगडी बाहेर मांडते. पाऊस असला तर चहा पुढच्या टपरीवर आणि जेवणाला चटणी-भाकरी.

बेळगावची थंडी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीचा पत्रा बर्फासारखा लागतो आणि शेगडी पेटवून थोडी ऊब घ्यावी असं वाटतं. घेऊ नका. बंद गाडीत गॅस, निखारे, कोळसा काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठायची संधी देत नाही. एकट्या माणसाला तर हाक मारून उठवायलाही कुणी नसतं. ऊब हवी तर जाड वाकळ घ्या, गरम पाण्याची पिशवी घ्या. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा आणि त्यांना जाळी लावा. या वायूची सूचना देणारा सेलवरचा छोटा अलार्म मिळतो. पडद्यांवर खर्च करायच्या आधी तो घ्या.

विजेचं थोडक्यात: बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, आणि वायर भाराला पुरेल एवढी जाड हवी. हे काम गॅरेजमधल्या पोऱ्यावर सोडू नका, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि स्वतः शेजारी उभं राहून बघा. आग विझवायचं एबीसी पावडरचं छोटं नळकांडं दाराजवळ लावा. पलंगाखाली ठेवलेलं आगीत हाती लागत नाही. आणि आग लागलीच तर आधी तुम्ही बाहेर पडा, विझवायचं नंतर बघा.

पलंग असा बसवा की खाली न उतरता ड्रायव्हरच्या सीटवर जाता येईल. व्हॅनमधला सुरक्षिततेचा एकच बदल करायचा म्हटला तर मी हा करीन. त्या वाटेत पिशव्या नकोत, चपला नकोत.

बदल करताना कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गाडीच्या रूपात फरक करायचा तर आरटीओची मंजुरी लागते. सीटा कमी करणं, छत उंचावणं, असं काही करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं त्याच मुद्द्यावर बोट ठेवते.

आणि एक डबा शौचालय. झाकणाची बादली, पिशव्या आणि लाकडाचा भुसा, एवढ्यावर भागतं. बायकांशी बोलताना मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण रात्री-अपरात्री गाडीचं दार उघडायला लागण्याचं खरं कारण तेच असतं. जंगलपट्ट्यात पहाटे परसाकडला गेलेल्या माणसाचीच अस्वलाशी गाठ पडते. पुरुषांनीही हा डबा ठेवावा.

फोन, कागद आणि घरचा माणूस

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे आणि भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांकडे वळलात की रेंज येते-जाते. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि मुख्य नंबर एका कागदावर लिहून ठेवा.

सगळीकडे चालणारा नंबर ११२. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, महिला मदतीला १८१, वनखात्याला १९२६. पण आपल्या भागाची एक अडचण लक्षात ठेवा. शिनोळी, चंदगड, कोगनोळी, चोर्ला, अनमोड, इथं चार पावलांवर राज्य बदलतं आणि फोन कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. लावलेला फोन पलीकडच्या राज्यात उचलला जाऊ शकतो. म्हणून रडू यायच्या आत, घडलं काय हे सांगायच्याही आत, राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने सांगा. मग जवळचा किलोमीटरचा दगड. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा. गाडी चालवताना शेवटचा दगड मनात म्हणत राहायची मी सवयच लावून घेतली आहे: "खानापूर ११, खानापूर १०..."

घरच्या एका माणसाशी रोजचे दोन फोन ठरवा. एक मुक्कामी पोचल्यावर, एक सकाळी आठला. ठरलेल्या वेळेनंतर तासभर फोन आला नाही तर त्या माणसाने काय करायचं, हे कागदावर लिहून द्या: आधी मुक्कामाच्या गावातल्या ज्या माणसाचा नंबर दिला आहे त्याला फोन, मग तिथल्या पोलीस ठाण्याला. बेळगावच्या घरातून लावलेला ११२ कर्नाटकातच लागणार आणि तुम्ही आंबोलीला असाल तर मदत सिंधुदुर्गातून यायला हवी. म्हणून वाटेतल्या ठाण्यांचे नंबर निघायच्या आधी काढून घरी द्या. माझी बहीण हे काम करते. एकदा कणकुंबीला रेंज गेली म्हणून माझा सकाळचा फोन चुकला, तर नऊ वाजून पाच मिनिटांनी देवळाचे पुजारी गाडीपाशी आले, "बेळगावहून ताईंचा फोन आलाय" म्हणत. त्या दिवशी या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास बसला.

गोव्यातून परतताना दारूची बाटली आणू नका. विनापरवाना ती सीमेपार नेता येत नाही, आणि कप्पे-खोके असलेली व्हॅन चेकनाक्यावर हटकून थांबवतात. निवडणुकीच्या दिवसांत ५० हजारांवर रोकड असेल तर तिचे कागद जवळ ठेवा.

रस्ता

इथल्या रस्त्यावर रात्री सगळ्यात मोठं भय उसाच्या ट्रॅक्टरचं. नोव्हेंबर लागला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक, अथणी या सगळ्या पट्ट्यात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून चाललेल्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि उसाची वाढी दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली. समोरून येणाऱ्याचा प्रखर झोत डोळ्यांवर पडला की ती ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा दहा फुटांवर असते. एकदा संकेश्वरच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध मला दोन हिरवे ठिपके चमकताना दिसले. मी ब्रेक दाबला तेव्हा कळलं, ते ट्रॉलीवर बसलेल्या कुत्र्याचे डोळे होते. ट्रॉली बंद पडून तशीच रस्त्यात उभी होती. त्या दिवसापासून गळीत हंगामात मी सूर्यास्तानंतर स्टिअरिंगला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका.

घाटाचं म्हणाल तर चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड हे सगळे दिवसाउजेडीच करायचे. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की बोनेटसुद्धा दिसत नाही. दरड कापलेल्या कड्याखाली फोटोसाठीही थांबू नका. आणि पहिल्या वर्षी जून ते सप्टेंबर जांबोटीच्या पुढे एकट्याने जाऊच नका असं माझं मत आहे. धबधबे बघायचेच असतील तर घरच्या माणसांबरोबर दुसऱ्या गाडीने जा.

पाणी हा आपल्याकडचा फसवा विषय. चिकोडी-निपाणीत ढग नसतानाही पूर येतो, कारण पाऊस पडलेला असतो कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा फुगल्या की कल्लोळ-येडूर, भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड असे कमी उंचीचे पूल एकेक करून पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ साली तर यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. व्हॅन उंचीला जास्त आणि वजनाला हलकी असते, वाहतं पाणी तिला सहज ढकलतं. पुलावर पाणी दिसलं की तिथंच मागं फिरायचं, पुढचा ट्रक गेला म्हणून आपण जायचं नाही. हिडकल किंवा नविलुतीर्थाच्या जलाशयाकाठी अगदी पाण्यालगत गाडी लावू नका. तो पट्टा काळ्या मातीचा आहे. एक वळीव पडला की चाकं रुततात आणि ट्रॅक्टर आल्याशिवाय निघत नाहीत. पश्चिमेकडे खानापुरात तांबडी माती आणि जांभा आहे, तिथं हा त्रास कमी.

आता तारखांचं. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेची, राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस असतो. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन, आणि डिसेंबरच्या आसपास सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. आपण इथलेच, आपल्याला हे सांगायला नको. पण कोल्हापूर-पुण्याहून पहिल्यांदा येणाऱ्यांनी या दिवसांत बातम्या बघूनच निघावं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला तेव्हा हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, आणि दोन्हीकडच्या बसफेऱ्या बंद पडल्या होत्या. अशा वेळी गाडी जिथं आहे तिथं, माहितीच्या माणसाच्या अंगणात, दोन दिवस उभी ठेवायची. वाद घालायला रस्त्यावर उतरायचं नाही, कुठल्याही भाषेत. एरवी वर्षभर याच रस्त्यांवर टायर पंक्चर झाला तर मदतीला धावणारी माणसं मराठी का कन्नड हे मला कधी विचारावं लागलेलं नाही.

मुक्काम कसा ठरवायचा

आता खऱ्या कामाचं. दुपारी चारला ठरवा, पाचला पोचा, सहाच्या आत गावाला माहीत झालेलं असू द्या.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा दूध डेअरी शोधा. संध्याकाळी दूध घालायला प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथं येतं. डेअरीच्या पायरीवर एकदा ओळख सांगितली की अर्ध्या तासात ती प्रत्येक चुलीपाशी पोचलेली असते. डेअरी नसेल तर किराणा दुकान किंवा पिठाची गिरण. आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा. मी साधारण असं बोलते: "नमस्कार काका, मी बेळगावची, शहापूरची. ही गाडी माझी, यातच झोपते. आजची रात्र देवळाजवळ लावली तर चालेल का? कुणाला विचारायचं?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. काका मग स्वतःच देवस्थान कमिटीच्या पंचांकडे नेतात, आणि त्या क्षणापासून तुम्ही काकांच्या पाव्हण्या होता. आधार कार्ड न मागता दाखवा. त्या माणसाचा नंबर घ्या, त्यांच्यासमोरच घरी फोन लावा आणि त्यांचं नाव-गाव मोठ्याने सांगा.

पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडे गेलात की मराठी विरळ होत जातं. चार वाक्यं पाठ करा. "ना बेळगावदाकी री" म्हणजे मी बेळगावची. पुरुषाने "बेळगावदाव" म्हणायचं. "इल्ली रात्री इरबहुदेनरी?" म्हणजे रात्री इथं राहू शकते का. "गाडी केट्टैत्री", गाडी बिघडली आहे. "दवाखानी एल्लैत्री?", दवाखाना कुठं आहे. तो शेवटचा "री" विसरू नका, त्यात सगळा मान आहे. व्याकरण चुकलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. मला एका अज्जींनी सौंदत्तीजवळ खडक रोट्टी देता देता माझी वाक्यं दुरुस्त करून दिली, ती अजून तशीच म्हणते.

जागा निवडताना वस्तीची बस कुठं थांबते ते विचारा. ज्या गावात शेवटची बस मुक्कामाला असते तिथं ड्रायव्हर-कंडक्टर रात्री असतात, दिवा असतो, रस्ता बस जाण्याएवढा धड असतो, आणि बाहेरचं वाहन रात्री उभं असण्याची गावाला सवय असते. त्या बसच्या शेजारची जागा म्हणजे एकट्या प्रवाशाची हक्काची जागा समजा, अर्थात त्यांना विचारून.

शाळा, पाणवठा, अंगणवाडी, स्मशान यांच्याजवळ गाडी लावू नका. बेळगावात कॅम्पमध्ये आणि सांबऱ्याला विमानतळाच्या बाजूला लष्कर आणि हवाई दलाच्या जागा आहेत, तिथं रात्री गाडी थांबवू नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका. राकसकोपचं धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, तिथंही मुक्काम नको.

महामार्गावर मात्र नियम उलटा. गावात जेवढं मोकळं बोलायचं तेवढंच ढाब्यावर झाकून. कुठून आलात, कुठं निघालात, बरोबर कोण आहे, या प्रश्नांना "पुढे माणसं थांबलीत" एवढंच उत्तर. पंपावर राहायचं तर मॅनेजरला विचारा, टाकी तिथंच भरा, आणि कॅमेऱ्याखाली, उजेडात गाडी लावा. ट्रकांच्या रांगेमध्ये नको. ट्रक मागे घेताना खाली उभी असलेली व्हॅन दिसत नाही.

पुरुषांसाठी दोन शब्द. एकट्या पुरुषाबद्दल गावाला जास्त शंका येते, ते मनाला लावून घेऊ नका. थेट पारावरच्या जाणत्या माणसांकडे जा. विहिरीवर, नळावर बायकांना पत्ता विचारत बसू नका. आणि मुलांना चॉकलेटं वाटू नका. मुरकीच्या प्रकाराला सुरुवात तिथूनच झाली होती.

रात्रीची फेरी

झोपायच्या आधी मी रोज एकाच क्रमाने हात फिरवते. गाडीचं तोंड रस्त्याकडे. हँडब्रेक, आणि चाकाखाली ठोकळा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, नुसतं बघून नाही, हात लावून. किल्ली सीटजवळच्या खिळ्याला. बॅटरी उशाशी, शिट्टी गळ्यात. चपला आत. ड्रायव्हरच्या सीटवर काही नाही. समोरच्या काचेतून एकदा बाहेर नजर, मग पडदा. हे सगळं अंधारात, डोळे मिटून जमेपर्यंत घरी सराव केला होता. दोन मिनिटं लागतात.

रात्री कुणी काच वाजवली तर दार उघडायचं नाही. काच दोन बोटं खाली, आवाज ठाम, आणि पहिलं वाक्य "मी अमक्या काकांना विचारून थांबले आहे." दहातल्या नऊ वेळा माणूस "बरं बरं" म्हणून जातो. पोलीस आहेत म्हणाले तरी काचेतूनच ओळखपत्र बघा आणि ११२ वर खात्री करा, खरा पोलीस यावर रागावत नाही. बोलणं बरं वाटलं नाही तर वाद नको. हॉर्न दाबून ठेवा, दिवे लावा, गाडी सुरू करा आणि सरळ गावाच्या मध्यावर जा. सामान राहिलं तर राहू दे.

एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी वळीव येतो. विजा सुरू झाल्या की एकट्या झाडाखालून गाडी काढा, काचा वर करा आणि आतच बसा. पत्र्याच्या बंद गाडीत माणूस विजेपासून बराच सुरक्षित असतो, झाडाच्या फांदीपासून नसतो. आणि त्याच दिवसांत माळावर वाळलेल्या गवतात गाडी लावू नका. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं.

जंगलाच्या कडेला

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आत परवानगीशिवाय जायचंच नाही, रात्र काढायचा तर प्रश्नच नाही. बाहेरच्या गावांतसुद्धा गवा, अस्वल असतात. दांडेलीकडून कधी हत्तीही येतात. गवा रस्त्यात आडवा आला तर हॉर्न नको, दिव्यांची उघडझाप नको. इंजिन चालू ठेवून लांब थांबायचं, त्याचं त्याला जाऊ द्यायचं. अस्वल पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतं. ते आपल्यावर चालून येतं ते बहुतेक अचानक समोर आल्यामुळे, म्हणून या दोन वेळांना गाडीतच राहा, आणि उतरावंच लागलं तर आवाज करत, बॅटरी मारत उतरा. उष्टं-खरकटं, फणस, आंबे गाडीबाहेर टाकू नका.

मण्यार रात्री हिंडते आणि झोपलेल्या माणसाला चावली तर अनेकदा जाणवतही नाही. त्यामुळे उकडतंय म्हणून गाडीबाहेर चटई टाकून झोपू नका. चावल्याची नुसती शंका आली तरी बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक यात वेळ घालवायचा नाही. हातपाय कमी हलवायचे, १०८ ला फोन, आणि त्याच वेळी ज्या काकांचा नंबर घेतला आहे त्यांना हाक. ते अँब्युलन्सच्या आधी पोचतात. हिवाळा-उन्हाळ्यात जंगलातून फिरून आलात तर अंगावर गोचीड आहे का बघा. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग-बांदा भागात गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेला होतात हे आवर्जून सांगा.

सकाळी

केर काढा, जागा होती त्यापेक्षा साफ करून सोडा. ज्यांनी परवानगी दिली त्यांना भेटून निघते म्हणून सांगा. न सांगता निघालात तर ते तुम्हाला शोधत बसतात. बेळगावातून निघताना मी कुंद्याचे दोन-तीन पुडे जास्तीचे घेते, ते अशा घरांत जातात. घरी आठचा फोन करा. आणि किल्ली फिरवायच्या आधी वाकून गाडीखाली बघा. थंडीच्या दिवसांत इंजिनच्या उबेला कुत्रीची पिल्लं, कधी शेरडाचं करडू येऊन झोपलेलं असतं. हलशीला एकदा चार पिल्लं होती. देवळात फुलं वाहायला आलेल्या मुलीने ती एकेक करून ओच्यात घेतली, तोवर मी थांबले, मग गाडी काढली.